गाडीत सामान भरायचं कसं? कमी खर्चातल्या कौटुंबिक मुक्कामाची तयारी



दिवाळीनंतर थंडी पडली की सहलीचे बेत सुरू होतात. आमच्या रहिमतपूरच्या बाजूने निघालं तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची बामणोली, तापोळा ही गावं फार लांब नाहीत. पण राहण्याचा खर्च ऐकला की बरेच पालक बेत सोडून देतात, आणि मुलांना कोयना फक्त नकाशातच दिसते. खरं तर एक गाडी, घरातलंच सामान आणि गावात कुणाच्या शेतात किंवा अंगणात विचारून ठोकलेला तंबू, एवढ्यावर एका रात्रीचा मुक्काम छान होतो. गोंधळ होतो तो सामान भरताना. ते कसं भरायचं ते पाहू.

दिंडीकडून शिकू या

माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्काम करत पुढे जाते. वारकरी चालतात आणि दिंडीचं सामान ट्रकमधून जातं. माणसागणिक एक वळकटी, एक पिशवी. मुक्कामाच्या जागी आधी राहुट्या लागतात, अंथरुणाची गरज रात्री पडते. आपणही हेच सूत्र घ्यायचं : जे आधी लागणार, ते शेवटी भरायचं.

विकत घेण्याआधी घर बघा

तंबू नसेल तर ओळखीत मागा किंवा भाड्याने घ्या. बाकी सगळं घरात असतंच. सामानाचे पाच भाग करा.

१) निवारा : तंबू, खाली अंथरायला ताडपत्री, दोरी, खुंट्या, हातोडी, बॅटरी.
२) अंथरूण : सतरंजी, गोधड्या, चादरी. जलाशयाकाठी पहाटे गारठा जास्त असतो, म्हणून माणशी एक गोधडी जास्तीची. वळकटी करून दोरीने घट्ट बांधा.
३) स्वयंपाक : एकच पेटी किंवा खोकं. एक पातेलं, एक तवा, पळी, सुरी, काडेपेटी, माणशी ताट-वाटी-पेला. खिचडीचे डाळ-तांदूळ, मीठ, हळद घरीच मोजून एका पिशवीत बांधा. एका जेवणाची एक पुडी. पहिल्या दिवशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. म्हणजे पोचल्यावर लगेच चूल मांडावी लागत नाही.
४) पाणी : पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर धरा. पाच जणांचे १५ लिटर होतात, म्हणून २० लिटरचा एक कॅन पुरे.
५) कपडे : मुलांचं दप्तर रिकामं करा, त्यात मावेल तेवढंच त्यांचं सामान.

औषधं, ओडोमॉस, आधार कार्ड आणि सुट्टे पैसे पुढच्या सीटजवळ एका पिशवीत ठेवा.

गाडीत भरण्याचा क्रम

जड वस्तू खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. म्हणजे पाण्याचा कॅन आणि स्वयंपाकाची पेटी तळाला, त्यावर वळकट्या आणि डिकीच्या दाराजवळ सगळ्यात शेवटी तंबू. मागची काच झाकेल इतकं सामान रचू नका, चालकाला मागचं दिसलं पाहिजे. सुटं सामान सीटच्या पाठीपेक्षा वर नको; जोरात ब्रेक लागला तर ते पुढच्यांच्या डोक्यावर येतं. टपावर ठेवायचंच असेल तर हलकं, ताडपत्रीत बांधलेलं.

हे विसरू नका

तंबूत शेगडी, स्टोव्ह, शेकोटी काहीही पेटवू नये. आगीचा धोका असतोच, शिवाय बंद जागेत विषारी वायू साठतो आणि झोपेत ते कळतही नाही. बाहेर चूल पेटवताना भोवतीचं वाळलेलं गवत काढा आणि निघताना पाणी ओतून विझवा. ठिणगीतून वणवा लागतो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे, तिथं तंबू ठोकायचा नाही. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, त्यामुळे जंगलात परवानगीशिवाय मुक्काम नको. कचऱ्यासाठी एक रिकामं पोतं नेऊन ते भरून परत आणावं.

मुलांसाठी उपक्रम

ही तयारी म्हणजे गणिताचा तासच आहे. १ लिटर पाणी १ किलो, मग २० लिटरचा कॅन किती? जवळपास पहिलीतल्या मुलाएवढा! मुलांना यादी करायला, वळकटी बांधायला आणि क्रम ठरवायला सांगा. वर्गात खोकं, चादर, बाटली, दोरी घेऊनही हे करता येतं : आधी "काय लागेल?" विचारा, मग "आधी काय लागेल?" दुसऱ्या प्रश्नावर मुलं खरी विचार करू लागतात.

घरी परतल्यावर ती यादी पुन्हा काढा. न वापरलेल्या वस्तूंवर मुलांनाच काट मारू द्या. पुढच्या वेळी गाडी हलकी होईल आणि खर्चही.