दिवाळीच्या सुट्टीत क्रूझवर जाताय? बॅग भरण्याआधी अरबी समुद्राचा मौसम समजून घ्या

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हल्ली आपल्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही क्रूझवर गेला होतात ना? थंडी असते का हो? स्वेटर घ्यायचे का?" गेल्या वर्षी आम्ही घरातले सहा जण मुंबईहून लक्षद्वीप आणि गोव्याच्या सफरीला गेलो होतो. शिक्षकाच्या पगारातून दोन वर्षं बाजूला काढलेले पैसे होते. सोबत सत्तरीच्या अम्मी होत्या. त्यांचे अब्बा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. मुंबई ते जेद्दाह ही हजची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. अब्बांनी पाहिला तो खुला समुद्र एकदा पाहायचा, एवढीच अम्मींची इच्छा होती.

आणि आम्ही बॅगा भरल्या त्या महाबळेश्वरला निघाल्यासारख्या. प्रत्येकाचे दोन-दोन स्वेटर, मोठी छत्री, आणि अम्मींची औषधं सगळ्यात मोठ्या बॅगेच्या तळाशी. स्वेटर उघडलेच नाहीत. छत्री डेकवर पहिल्याच झोताला उलटी झाली. औषधांचं काय झालं ते पुढे सांगतो. आमच्या चुकांतून तुमचा सफर सोपा व्हावा, म्हणून हे लिहिलं आहे.

आधी तारीख पाहा, मग कपडे

क्रूझचं हवामान विचारताना लोक फक्त "गरम की थंड" एवढंच विचारतात. खरं तर पहिला प्रश्न तारखेचा आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. प्रत्यक्षात तो कधी लवकर जातो, कधी रेंगाळतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर ढग दाटून विजांसह पाऊस पडू शकतो. कोकणात आणि गोव्यात तर जास्तच.

मान्सून गेला की मुंबईत ऑक्टोबर हीट सुरू होते. आकाश मोकळं, ऊन थेट, हवेत दमटपणा, आणि पारा ३३-३४ अंशांपर्यंत. नोव्हेंबरमध्ये दिवसाचं ऊन तसंच राहतं, पण रात्री आणि पहाटे थोडी सुटका होते.

लक्षद्वीपचं गणित वेगळं आहे. ही बेटं विषुववृत्ताच्या बरीच जवळ. तिथे हिवाळा म्हणून काही नसतोच. दिवसा ३० अंशांच्या आसपास, रात्री २५ च्या आसपास, हवा कायम दमट. शिवाय आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिकडचा संपत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस दक्षिणेत ईशान्य मान्सूनचे, त्यामुळे बेटांवर अधूनमधून जोरदार सरी येतात. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर कडक ऊन पाहून रेनकोट घरी पाठवला, तर दोन दिवसांनी पस्तावण्याची वेळ येते. आमच्यावर आली होती.

एकाच जहाजावर तीन मौसम

पहिला मौसम डेकवरच्या उन्हाचा. वरून ऊन आणि खालून पाण्यावरची चमक, असा दुहेरी मारा असतो. वारा वाहत असल्यामुळे चटका कळत नाही. संध्याकाळी पाहिलं तर मुलांची मानगूट आणि नाक लालबुंद झालेलं. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे इथे सगळ्यात कामाचे. आपल्याकडे ते घरात असतातच, नवीन काही विकत घ्यायची गरज नाही.

दुसरा मौसम आतला, एसीचा. जेवणाचा हॉल, नाटकाचं थिएटर, लांबलचक कॉरिडॉर, सगळीकडे गारठा. डेकवरून घामाघूम आत आलो की दोन मिनिटांत अंग थंड पडतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यातच आजारी पडतात. पण त्यासाठी लोकरी स्वेटर नको. एक शाल किंवा पातळ जॅकेट पुरतं. अम्मींची जुनी शाल चारही दिवस त्यांच्या खांद्यावर होती.

तिसरा मौसम वाऱ्याचा. समुद्र शांत असला तरी जहाज स्वतः तासाला ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने चालत असतं, म्हणजे तेवढा वारा तर डेकवर लागणारच. समोरून खरा वारा असेल तर दोन्हींची बेरीज होते. म्हणून छत्री निरुपयोगी, रेनकोट हवा. ओढणी आणि हिजाब नीट पिन केलेले हवेत. टोपी डोक्याला घट्ट बसणारी हवी. आमच्या भाच्याची टोपी पहिल्याच संध्याकाळी अरबी समुद्राने ठेवून घेतली!

बोट लागते त्याचं काय?

हा प्रश्न कपड्यांपेक्षा मोठा आहे. मान्सूनमध्ये खवळलेला अरबी समुद्र ऑक्टोबरच्या मध्यानंतर बराच निवळतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखी साधनं असतात, त्यामुळे डावी-उजवीकडे डोलणं कमी होतं. तरी डोलणं पूर्ण थांबत नाही. एक गोष्ट आम्हाला आधी माहीत नव्हती. लाटा शेकडो किलोमीटर दूरच्या वादळातून निघून आपल्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे डोक्यावर निळं आकाश आणि खाली हेलकावे, असंही होऊ शकतं.

अम्मींना पहिल्याच रात्री बोट लागली. उलट्या सुरू झाल्या आणि औषध हाताशी नव्हतं. झालं असं की मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा करून घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी येतात. आमची बॅग आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्यात अम्मींच्या बीपी आणि शुगरच्या गोळ्याही होत्या. ते तीन-चार तास आम्ही विसरणार नाही.

म्हणून ही एहतियात पाळा. रोजची सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागण्याच्या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर जहाज सुटण्याआधी घ्यायच्या असतात. त्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याने दिलेली गोळी म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. केबिन निवडता येत असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्याची घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. मळमळायला लागलं की मोबाइल बाजूला ठेवून मोकळ्या हवेत या आणि दूर क्षितिजाकडे पाहा. आल्याचा तुकडा, आवळा सुपारी, कोरडी बिस्किटं जवळ असू द्या. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको.

वादळाचे दिवस

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. भर मान्सूनमध्ये वरच्या थरातले जोरदार वारे वादळाची बांधणी होऊ देत नाहीत. ते वारे मंदावले आणि पाणी पुन्हा तापलं की वादळाला वाट मिळते. नोव्हेंबर २००९ मधलं फयान कोकणातले मच्छिमार अजून विसरलेले नाहीत. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार अरबी समुद्रात घोंघावत होतं, आणि पाठोपाठ महा हे वादळ लक्षद्वीपजवळून गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी लक्षद्वीपला झोडपून वर सरकलं, तेव्हा मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. दर वर्षी आपल्या सुट्टीत वादळ येतंच असं नाही. आणि आलं तरी त्याची खबर काही दिवस आधी मिळते. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. "कमी दाबाचा पट्टा" ऐकून लगेच धास्तावू नका. तो वाढून "डिप्रेशन" होतो आणि वारे ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेले की त्याला चक्रीवादळ म्हणतात. समुद्राच्या लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. कोकणातल्या घरांत "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला" हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो आहोत. मोबाइलवरचा इशाराही तितकाच मनावर घ्या.

वादळ नसतानाही बेत बदलू शकतो. लक्षद्वीपला मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून बेटावर नेतात. लाटा मोठ्या असतील तर जहाजातून छोट्या बोटीत पाय टाकणंच धोक्याचं. आमच्या वेळी तसंच झालं. ऊन पडलेलं, बेट समोर दिसतंय, आणि उतरणं रद्द. मुलं रडली, काही प्रवासी भांडलेही. पण तो निर्णय बरोबर होता. पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या: हवामानामुळे मुक्काम रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? आम्ही विचारलं नव्हतं, आणि मिळालेही नाहीत. परतीच्या दिवशी लगेच लग्न किंवा ट्रेन ठेवू नका, एक दिवस मोकळा ठेवा.

मग बॅगेत काय?

हातातल्या पिशवीत: सगळी औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्रं, शाल, एक जोडी कपडे, पाण्याची बाटली, लहान मुलांचं खाणं.

मोठ्या बॅगेत: सुती कपडे दिवसाला दीड जोडी या हिशेबाने, कारण दमट हवेत आणि केबिनमध्ये कपडे लवकर वाळत नाहीत. पातळ रेनकोट. घट्ट बसणारी टोपी, गॉगल, सनस्क्रीन. पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला, कारण ओला डेक आणि वझूनंतरची ओली फरशी दोन्ही निसरड्या. मोबाइलसाठी प्लास्टिकची बंद पिशवी. लक्षद्वीपची बहुतेक वस्ती मुसलमानांची आणि साध्या राहणीची आहे, तिथे अंगभर कपडे शोभतात आणि उन्हालाही तेच बरे.

पातळ जानमाज सोबत असू द्या. जहाज वळत राहतं, म्हणून केबिनमधली काल रात्रीची दिशा सकाळी चालत नाही. पोलादामुळे मोबाइलचं होकायंत्रही चुकू शकतं. या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या जरा दक्षिणेला मावळतो, आणि मुंबईजवळ किबला त्याच्या बराच उजवीकडे येतो, लक्षद्वीपकडे गेल्यावर आणखी उजवीकडे. हेलकाव्यात उभं राहणं जमत नसेल तर म्हाताऱ्यांनी पडण्याचा धोका पत्करू नये, बसून नमाज पढावी.

अम्मींची तबीयत दुसऱ्या दुपारपर्यंत सावरली. बेटावर उतरता आलं नाही त्या संध्याकाळी त्या शाल लपेटून डेकवर बसल्या होत्या, चारी बाजूंना फक्त पाणी. आम्ही म्हटलं, "अम्मी, बेट राहिलं." त्या म्हणाल्या, "मी बेट पाहायला आलेच नव्हते."

यंदा त्या पुन्हा विचारतायत. इन्शाअल्लाह नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जायचा विचार आहे, अंदाज पाहूनच. औषधांची पिशवी मात्र आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे.