एमाच्या दोन घरची मुलं

नॉर्मंडीची एमा १००२ मध्ये इंग्लंडचा राजा एथेलरेड याची राणी झाली. तो वारल्यावर १०१७ मध्ये तिनं लग्न केलं ते इंग्लंड जिंकणाऱ्या डॅनिश क्नूटशी! पहिल्या घरचे एडवर्ड आणि आल्फ्रेड नॉर्मंडीत परागंदा. आईचा जीव क्नूटपासून झालेल्या धाकट्या हार्थक्नूटच्या गादीत गुंतलेला. १०३५ मध्ये क्नूट गेला, हार्थक्नूट डेन्मार्कमध्ये अडकला आणि सवतीचा मुलगा हॅरॉल्ड पुढे सरसावला. १०३६ मध्ये इंग्लंडात आलेल्या आल्फ्रेडचे डोळे काढले गेले. त्यातच तो दगावला. पुढे एमानं आपली बाजू मांडणारा लॅटिन ग्रंथ लिहवून घेतला. त्यात पहिल्या नवऱ्याचं नावसुद्धा नाही. एडवर्ड काही विसरला नसावा. १०४२ मध्ये तो राजा झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं आईचा खजिना जप्त केला.