लांडग्याचं रक्त, घरातलं कुत्रं

चेकोस्लोव्हाकियात 1955 साली कारेल हार्टल यांनी सीमेवरच्या गस्तीसाठी जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकराचा प्रयोग हाती घेतला. ब्रिटा नावाच्या लांडगीला पहिली पिल्लं झाली ती 1958 मध्ये. त्यांच्या वंशजांना 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची अंतिम मान्यता मिळाली. हेच ते चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग: पिवळसर डोळे, करडा अंगरखा, नराचं वजन किमान 26 किलो.

माणसाला ते घट्ट धरून राहतं, आणि नेमकं तिथेच घरच्यांची कसोटी लागते. एकटं ठेवलं की दार कुरतडतं, कुंपण ओलांडतं, मोठ्यानं ओरडत बसतं. दिवसभर घर बंद असणाऱ्या कुटुंबानं या वाटेला जाऊ नये. पिल्लाला पहिल्या काही महिन्यांत माणसं, मुलं, गर्दी, वाहनं यांची सवय लागली नाही, तर बुजरेपणा जन्मभर राहतो. मांजर किंवा कोंबड्या असतील तर शिकारीची ओढही लक्षात घ्यावी.

परदेशातून आणायचं तर कागदपत्रं आधी. युरोपीय संघातल्या प्रवासासाठी मायक्रोचिप आणि त्यानंतर रेबीजची लस लागते. ती 12 आठवड्यांच्या वयाआधी चालत नाही, वर 21 दिवस थांबावं लागतं. नॉर्वेत ही जात बाळगायलाच बंदी आहे. ब्रिटनमध्ये लांडग्याच्या पहिल्या दोन संकर-पिढ्यांना धोकादायक वन्यप्राण्यांचा परवाना लागतो. म्हणून वंशावळीचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.