मालिकेतील रेडिओ केंद्र आणि लहरींचे गणित

दूरचित्रवाणी मालिकेत रेडिओ केंद्र उभे करणे फारसे अवघड नसते. एक मायक्रोफोन, हेडफोन लावलेला निवेदक, समोर काचेची खिडकी आणि पलीकडे निर्माती बसली, की प्रेक्षकाला ते पटते. पण या केंद्राला नाव आणि वारंवारता द्यायची वेळ आली, की लेखकाला खऱ्या रेडिओचे नियम पाळावे लागतात. हे नियम कोणते, ते आपण तीन अमेरिकन मालिकांच्या आधारे पाहू.

'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' (१९७८ ते १९८२) या मालिकेतील केंद्र ओहायो राज्यात आहे. 'नॉर्दर्न एक्स्पोजर'मधील (१९९० ते १९९५) 'केबीएचआर' अलास्कातील एका काल्पनिक गावात आहे. 'फ्रेजर'चा (१९९३ ते २००४) नायक मानसोपचारतज्ज्ञ आहे. तो सिॲटलच्या 'केएसीएल'वरून श्रोत्यांना सल्ला देतो.

पहिल्या नावात 'डब्ल्यू' आणि इतर दोन्हींत 'के' का? केंद्रांच्या संकेतनामांची आद्याक्षरे आंतरराष्ट्रीय करारानुसार देशांना वाटून दिलेली आहेत. अमेरिकेतील प्रसारण केंद्रांची नावे 'के' किंवा 'डब्ल्यू'ने सुरू होतात. सामान्यतः मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला 'के' आणि पूर्वेला 'डब्ल्यू' असते. पिट्सबर्गचे 'केडीकेए' (१९२०) हा जुना अपवाद. आपल्या तिन्ही मालिकांनी हा नियम पाळला आहे.

आता वारंवारता पाहू. केबीएचआर ५७० आणि केएसीएल ७८० किलोहर्ट्‌झवर आहे. अमेरिकेत मध्यमलहरी केंद्रांच्या वारंवारतांमध्ये १० किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवतात, म्हणून दोन्ही आकडे बरोबर बसतात. भारतात हे अंतर ९ किलोहर्ट्‌झ ठरले. पुणे आकाशवाणीच्या ओळखीच्या ७९२ या आकड्याला ९ ने निःशेष भाग जातो. ५७० आणि ७८० ला तो जात नाही. म्हणजे ही दोन्ही केंद्रे आपल्याकडे कल्पनेतही बसली नसती!

शिवाय ७८० ही वारंवारता शिकागोच्या 'डब्ल्यूबीबीएम' या खऱ्या केंद्राचीही आहे. रात्री आयनांबरातील खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरळ होतो. मग मध्यमलहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. त्यामुळे एकाच वारंवारतेवरील केंद्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अमेरिकेत अनेक केंद्रांना सूर्यास्तानंतर शक्ती कमी करावी लागते. वारंवारता ही मर्यादित, सर्वांची संपत्ती आहे. ती वाटूनच वापरावी लागते.

कथेत मात्र सहसा दिसत नाही तो प्रक्षेपक. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला ७८० किलोहर्ट्‌झने भागले, तर तरंगलांबी सुमारे ३८५ मीटर येते. चांगल्या प्रक्षेपणासाठी मनोऱ्याची उंची तिच्या साधारण पाव पट, म्हणजे सुमारे ९६ मीटर लागते. हा मनोरा म्हणजेच ॲन्टेना. त्याच्या पायथ्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरतात. एवढी जागा शहराच्या मध्यभागी कोठून मिळणार? म्हणून मनोरा बहुधा गावाबाहेर असतो आणि स्टुडिओतील आवाज तारेने किंवा सूक्ष्मलहरींनी तेथवर नेला जातो.

मालिकांनी स्टुडिओ चांगला दाखवला, यात शंका नाही. पण त्या पाहून 'मायक्रोफोन म्हणजे रेडिओ' अशी समजूत झाली, तर विद्यार्थ्यांच्या हातून मुख्य विज्ञान निसटते. आवाज वाहून नेणारी लहर कोठून निघते, किती लांब असते आणि तिला जागा कोण देतो, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

वर्गात एक उपक्रम करता येईल. प्रत्येक गटाने एक काल्पनिक केंद्र काढावे. त्यासाठी ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झमधील, ९ ने भाग जाणारी वारंवारता निवडावी, तरंगलांबी आणि मनोऱ्याची उंची काढावी. दोन गटांनी एकच आकडा निवडला तर काय करायचे, याचा निर्णय विद्यार्थ्यांनाच घेऊ द्यावा. भौतिकशास्त्राबरोबर नागरिकशास्त्राचाही धडा होईल.