सर्पगंधेचे मूळ आणि भामरागडची वाट

घरातला कर्ता माणूस चार-पाच रात्री झोपत नाही. अखंड बोलतो, न थकता चालत सुटतो, अंगावरचे कपडे फेकतो, अडवायला येणाऱ्यावर धावून जातो. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे गाव म्हणते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर अशा वेळी पहिला निरोप पुजाऱ्याकडे जातो, आणि त्यात नवल काही नाही. पुजारी गावात असतो, ओळखीचा असतो, रात्री-अपरात्री येतो. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडचिरोलीहून पुढे नागपूर जवळपास तेवढेच. 1864 पासून चालत आलेले प्रादेशिक मनोरुग्णालय तिथे आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. हाता-पायांना चार जणांनी धरून ठेवावा लागणारा माणूस या वाटेने कसा न्यायचा, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

अशा उसळलेल्या मनाला शांत करणाऱ्या जगातल्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक ज्या वनस्पतीतून निघाले, ती मात्र याच जंगलांच्या वनौषधींच्या नोंदींत सापडते. सर्पगंधा. गुडघ्याएवढे झुडूप, पांढुरकी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळसर जांभळी होणारी फळे आणि जमिनीत वेडेवाकडे शिरलेले, चवीला कडूजहर मूळ. औषध त्या मुळात असते, त्यातही जास्त करून सालीत.

ती कथा बिहारपासून सुरू होते. तिथल्या खेड्यापाड्यांत आणि बाजारांत हे मूळ वेडावरचे औषध म्हणून उघडउघड विकले जाई. 1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर एक निबंध छापला. सेन संस्कृताचे आणि आयुर्वेदाचे पंडित, शिवाय आधुनिक वैद्यक शिकलेले. मुळाची भुकटी 20 ते 30 ग्रेन, दिवसातून दोनदा दिली की झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि हिंसक लक्षणे ओसरतात, असे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइड वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. लवकरच रामनाथ चोप्रांनी कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत प्राण्यांवर त्याचे परिणाम तपासले. जगाने मात्र फारसे लक्ष दिले नाही. एका गुलाम देशातल्या नियतकालिकात आलेली गोष्ट होती ती.

लक्ष वेधले मुंबईने. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या चाचणीचा लेख छापला. त्यांचा विषय रक्तदाब होता, वेड नव्हे. पण या एका लेखाने स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळांना जाग आली. 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. ते म्हणजे रिसर्पिन. 1953 मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांत सर्पगंधेचे निष्कर्ष मांडले, आणि 1954 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड सरकारी मनोरुग्णालयातले डॉ. नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णांवरचे परिणाम प्रसिद्ध केले. तिथली एक गोष्ट पुढे खूप सांगितली गेली: औषध सुरू झालेल्या वॉर्डांतला फरक म्हणे सगळ्यात आधी काचा बसवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आला, कारण तिथल्या खिडक्या फुटायच्या थांबल्या होत्या. 1957 चा लास्कर पुरस्कार क्लाइन आणि वकील यांना मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत क्लोरप्रोमाझीन या फ्रेंच औषधाशी निगडित आंरी लाबोरी आणि पिएर देनिकर हेही होते.

शतकानुशतके कोंडून, बांधून, थंड पाण्यात बुडवून ज्यांना ‘आवरले’ जाई त्या माणसांना औषधाने बरे वाटू शकते, हा शोध पन्नाशीच्या दशकातला, आणि त्याच्या दोन पायांपैकी एक पाय भारतीय जंगलात रोवलेला होता. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण अभिमानापाशी थांबणे धोक्याचे आहे.

कारण रिसर्पिन मागे पडले. मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही द्रव्ये छोट्या पिशव्यांत साठवून ठेवतात. रिसर्पिन ही साठवणच बंद पाडते. साठा रिकामा झाला की उसळी थंडावते, पण थंडावणे तिथेच थांबत नाही. काही रुग्णांना खोल उदासीनता आली, काहींना कंपवातासारखा ताठरपणा, काहींचा रक्तदाब फारच खाली गेला. शिवाय परिणाम दिसायला दिवस लागतात, आणि बेफाम माणसाच्या घरच्यांपाशी तेवढे दिवस नसतात. दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियम वापरले होते. हा साधा क्षार पुढे अशा आजारांत आधारस्तंभ ठरला. रिसर्पिनने दिलेली समज मात्र टिकली. रिसर्पिनमुळे निपचित पडलेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले आणि कंपवाताच्या उपचाराची वाट उघडली. 2000 साली त्यांना नोबेल मिळाले.

म्हणून आज कुणी सर्पगंधेची भुकटी आणून उन्मादाच्या रुग्णाला चमच्याने द्यायला सांगत असेल तर त्याला थांबवायला हवे. एका झुडपाच्या मुळात द्रव्य किती, दुसऱ्याच्या मुळात किती, याचा भरवसा नाही. बाजारात सर्पगंधेच्या नावाने तिच्या नात्यातल्या दुसऱ्या जातीचे मूळ खपवले जाते. लोकांचे निरीक्षण खरे होते, याला आता प्रयोगशाळेचा पुरावा आहे. मात्रेचे प्रमाण त्या निरीक्षणात नव्हते, आणि जीव वाचणे किंवा जाणे मात्रेवर ठरते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला उन्मादावरचा अध्याय आजच्या डॉक्टरांनीही वाचावा असा आहे. पाच प्रकार, त्यांतला आगंतू म्हणजे बाहेरून आलेला मानलेला. पित्ताच्या उन्मादातला असहनशील, धमकावणारा, वस्त्रे टाकणारा रुग्ण तर आजच्या मॅनियाच्या वर्णनाशी हुबेहूब जुळतो. उपचारांत शोधन, औषधी तुपे आणि जुने तूप आहे. ब्राह्मी, वेखंड, शंखपुष्पी यांचे तूप पुढच्या अध्यायात येते. प्रिय वस्तू गमावल्याने भान हरपलेल्याला तशीच वस्तू मिळवून द्यावी आणि धीर द्यावा, इतकी कोवळी सूचनाही तिथे आहे. आणि त्याच अध्यायात दात काढलेले साप, शिकवलेले सिंह-हत्ती दाखवून रुग्णाला घाबरवण्याचाही सल्ला आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिल्या. पहिली जपावी, दुसरी सोडावी, एवढे तारतम्य दोन हजार वर्षांनंतर आपल्याला दाखवता आले पाहिजे.

चीनमध्येही हेच दिसते. तिथल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात उंचावर चढून गाणारा, कपडे टाकून पळणारा रुग्ण आहे. त्याचे जेवण तोडावे आणि लोखंडाच्या कपच्यांचे पाणी त्याला पाजावे, असा उपाय त्यात सांगितला आहे. पुढच्या शतकांत रेवाचिनीचे जालीम रेचक, कफ हटवणाऱ्या खनिजांच्या गोळ्या असे उपाय वाढत गेले; दुसरीकडे गहू, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे यांचा सौम्य काढाही होता, तो रडणाऱ्या, अस्वस्थ मनासाठी. आतली आग बाहेर काढायची, वर चढलेले खाली उतरवायचे, ही कल्पना गंगेकाठी आणि पिवळ्या नदीकाठी सारखीच. सर्पगंधेच्या कुळातली एक जात चीनमध्येही उगवते, आणि विसाव्या शतकात तिथल्या वैद्यकाने तिच्यापासून रक्तदाबाचे औषध बनवले.

गडचिरोलीत हा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण इथे बेफाम बडबडणारा प्रत्येक माणूस मानसिक आजाराचा रुग्ण नसतो. हा जिल्हा महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा गड आहे. फाल्सिपेरम हिवताप मेंदूत शिरला की रुग्ण असंबद्ध बोलतो, झटापट करतो आणि मग बेशुद्ध पडतो. अशा रुग्णाला काढा देऊन किंवा झाडफूक करून घालवलेले तास जीवघेणे ठरतात. दुसरे कारण दारू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, नसलेली माणसे-जनावरे दिसणे आणि भयंकर गोंधळ होऊ शकतो. तिसरे कारण बांधावर फुलणारा धोतरा. त्याचे बी पोटात गेले की डोळ्यांच्या बाहुल्या फाकतात, तोंड कोरडे पडते आणि माणूस बरळू लागतो. एकच लक्षण आणि चार वेगळे उपचार. वेडावरची एकच एक जडीबुटी शोधण्यातली खरी अडचण हीच आहे.

कारण दिसत नसले की ते माणसांत शोधले जाते. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध दलित स्त्री-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारले गेले. 2024 च्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात अशाच संशयाने दोघांना जिवंत जाळले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे सगळे त्यात गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडात ठेवण्यावर बंदी घातली. तमिळनाडूतल्या एर्वाडीत 2001 मध्ये साखळीत जखडलेले 28 रुग्ण आगीत होरपळून मेले, ही घटना या देशाच्या कायद्यामागे उभी आहे.

तरीही पुजाऱ्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे सोपे आणि निरुपयोगी आहे. मारझोड करणारा वेगळा. जो माणूस रात्रभर रुग्णाशेजारी बसतो, घरच्यांना धीर देतो आणि गावाला ‘हा दुष्ट नाही, आजारी आहे’ असे पटवू शकतो, तो आरोग्यसेवेला हवाच आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यावर हे घडले: तिथले मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे रुग्णाला पाठवतात. गडचिरोलीत वेगळ्या प्रकारचे धडे आधीच गिरवले गेले आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्राममधल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे, आणि रुग्णाबरोबर नातलगांना राहता यावे अशा झोपड्यांसारख्या खोल्या तिथे लोकांना विचारून बांधल्या. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात इथल्या बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान टिपले. हेमलकशात 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना माडिया गोंडांना उपचार देत आला आहे. लोकांचा विश्वास कसा मिळवायचा हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. तो मनाच्या आजारापर्यंत पोहोचायला हवा.

सर्पगंधेचे स्वतःचे काय झाले? परदेशी मागणी वाढली तसे तिचे रान उजाड होत गेले. मूळ खणले की झाड मरते, त्यामुळे पान तोडणाऱ्याला जे माफ ते इथे माफ नाही. पुढे आफ्रिकेतल्या तिच्या एका जातीतून रिसर्पिन जास्त मिळू लागले. 1990 मध्ये सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणणाऱ्या साइटिस कराराच्या यादीत आली. आता धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावांकडे जंगलावरचा सामूहिक हक्क आहे; मेंढ्याने तो 2009 मध्ये मिळवला आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना 2011 मध्ये हातात घेतला. ज्या ग्रामसभेने बांबू आपल्या हिशेबाने तोडला आणि विकला, तीच सर्पगंधेचे बी पेरून, खणायचे वर्ष ठरवून तिची राखण करू शकेल. बाहेरच्या व्यापाऱ्याला हे जमणार नाही, त्याला पुढच्या वर्षाची फिकीर नसते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते. देशभरात आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे त्यातून दिसले. चंद्रपुरात 2015 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता सुरू झाले आहे. पण लिथियम द्यायचे तर रक्तातली पातळी वेळोवेळी मोजावी लागते, आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असून भागत नाही. अहेरीत, भामरागडात, सिरोंच्यात ती लागेल. तोपर्यंत रक्ततपासणीविना देता येणारी शांत करणारी औषधे आणि इंजेक्शने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावीत. ती द्यायच्या आधी बोटाला टोचून हिवतापाची पट्टी-चाचणी करायची आणि शेवटची दारू कधी प्यायला ते विचारायचे, हे आशाताईला आणि पुजाऱ्यालाही ठाऊक असावे. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत रेशनचे काही महिन्यांचे धान्य आधीच पोहोचवले जाते. बाळंतपण जवळ आलेल्या बायकांना दवाखान्यालगतच्या माहेरघरात आणून ठेवले जाते. ज्या घरात मागच्या वर्षी उन्मादाचा झटका येऊन गेला, त्या घरच्या गोळ्यांचा चार महिन्यांचा साठा त्याच जून महिन्यात, धान्याच्या त्याच ट्रॅक्टरमधून गावात गेला पाहिजे, आणि पर्लकोटा भरण्याआधी गेला पाहिजे.