एकच पावती

कला शाखेच्या मुलीने संगणकाच्या मेमरीवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ‘ड्रायव्हर’ म्हणताच आईला केडीएमटीची बस आठवली. तिलाही समजावे, अशा बेताने लिहिते.

नेटवर्क कार्ड संगणकाला बाहेरच्या जाळ्याशी जोडते. ते चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये असे पुष्कळ ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेले आहेत.

ड्रायव्हर सुरू होताना लिनक्सच्या गाभ्याकडे मेमरी मागतो. कार्डाची माहिती ठेवायला एक जागा, ये-जा करणाऱ्या संदेशांच्या रांगांची नोंद ठेवायला दुसरी. रांगा किती, हे कार्डागणिक बदलते. म्हणून अनेकदा या मागण्या वेगवेगळ्या केल्या जातात. दुसरी नाकारली गेली तर पहिली जागा परत करायची. काम संपल्यावर दोन्ही. एखादी परत करायची राहिली, तर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत ती अडकून पडते.

डोंबिवलीत आई जेवणाच्या ऑर्डरी घेते. गेल्या वर्षी तिने टोप एका पावतीवर भाड्याने आणले, झाकणे दुसऱ्या. टोप परत गेले. झाकणे माळ्यावरच राहिली. भाडे चढत गेले आणि अनामत बुडाली. ते पैसे माझ्या परीक्षेच्या फीसाठी होते. तेव्हापासून आई सगळे एकाच पावतीवर घेते.

ड्रायव्हरमध्येही हेच करता येते. सी भाषेच्या १९९९ च्या मानकानुसार, माहितीच्या रचनेच्या शेवटी लांबी न ठरवलेली यादी ठेवता येते. रांगांची संख्या कळली की दोहोंचा हिशेब करून जागा एकदाच मागायची, एकदाच परत करायची. हिशेबातला आकडा फार मोठा झाला, तर मीटरसारखा उलटून लहान होण्याचा धोका असतो. त्यासाठी २०१८ साली लिनक्समध्ये ‘स्ट्रक्ट साइझ’ हे साधन आले. हिशेब मर्यादेबाहेर गेला, तर अपुरी जागा मिळण्याऐवजी मागणीच फेटाळली जाते.

मात्र रांगांची संख्या पुढे बदलायची असेल, तर वेगळी पावतीच बरी.

प्रोग्रॅम लिहिणारे हुशार असतातच; पण विसरणे कोणाला चुकले आहे? म्हणून विसरण्याच्या जागाच कमी कराव्यात. हे वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, “एवढंच होय! हे तर मला झाकणांनी शिकवलं.”