‘अ’ जीवनसत्त्व फक्त डोळ्यांसाठी नाही

‘अ’ जीवनसत्त्व कशाला लागते, असे वस्तीत विचारले की उत्तर येते, “डोळ्यांना.” उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडायलाही तेच लागते.

हे जीवनसत्त्व यकृतात साठते. तिथून ते रक्तावाटे पेशींपर्यंत जाते आणि त्याचे रेटिनॉइक आम्ल तयार होते. हे आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू, कोणती बंद, हे ठरवते. त्याच्या हुकमाने कच्च्या पांढऱ्या पेशी पक्व होतात. काहींना आतड्याच्या रक्षणाला जाण्याचा निरोपही तेच देते. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात. त्यावर हेच आम्ल औषध म्हणून देतात आणि त्या पेशी पक्व होऊ लागतात.

म्हणूनच कमतरता असलेल्या मुलाला जुलाब आणि गोवर जड जातात. गोवरात उरलासुरला साठाही घटतो, म्हणून त्या आजारात डॉक्टर हा डोस मुद्दाम देतात. इंडोनेशियातील आचे भागात ‘अ’ जीवनसत्त्व दिलेल्या मुलांमधील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आपल्याकडे ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीसोबत पहिला डोस १ मिलीचा. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास २ मिलीचा. पुढे दर ६ महिन्यांनी, ५ वर्षांपर्यंत. एकूण ९ डोस, सरकारी केंद्रात मोफत. पहिला बहुतेकांना मिळतो, चुकतात ते पुढचे. जव्हार-मोखाड्याचे कुटुंब वीटभट्टीवर जाते, बोईसरच्या चाळीतले भाडेकरू खोली बदलतात आणि मुलाचे नाव यादीतून सुटते. भगिनींनो, लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवा. नव्या ठिकाणी आशाताईंना किंवा अंगणवाडीत ते दाखवून डोस मागा. तो उपकार नाही, बाळाचा हक्क आहे.

ताटात शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई असू द्या. भाजीला थोडे तेल हवेच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. अंडे आणि कलेजीतूनही ते मिळते.

मात्र जास्त म्हणजे चांगले, असे नाही. दोन डोसांत ६ महिन्यांचे अंतर हवे. गरोदरपणी याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. अतिप्रमाणात गर्भाला इजा होते. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन गोळी याच कुळातली आहे, ती गरोदर बाईने घ्यायचीच नाही.

आज घरी गेल्यावर बाळाचे कार्ड काढा आणि डोस मोजा.